खावटीच्या निकालावर अपील करावं का? ताईच्या केसबद्दल विचारतोय

मांजराकाठ | ९ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी. ताईच्या केसबद्दल सांगतो. जरा लांबेल, पण कुठलीही गोष्ट लपवून सल्ला मागायचा नाही.

ताईचं लग्न २००९ ला झालं. दोन लेकरं आहेत, मुलगी नववीत आणि मुलगा सहावीत. २०१८ च्या दिवाळीपासून तिघंही आमच्याकडंच आहेत. २०१९ ला दाजींनी तालुक्याच्या कोर्टात, वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढं, घटस्फोटाचा दावा टाकला. ताईनं फेब्रुवारी २०२० ला कायम खावटीचा, म्हणजे पोटगीचा, अर्ज दिला. त्याचा निकाल या १ जुलैला लागला. घटस्फोट मंजूर. ताईला महिना ३,५०० आणि लेकरांना प्रत्येकी १,५००, तेही निकालाच्या तारखेपासून पुढं. लग्नात घातलेल्या आठ तोळ्यांबद्दल निकालात एक ओळ नाही.

दाजींची मांजरेच्या काठाला अकरा एकर काळी आहे. विहीर आहे, बोअर आहे, पाच एकर ऊस असतो. कोर्टात त्यांनी शपथपत्र दिलं ते एका पानाचं: जमीन कोरडवाहू, वर्षाचं उत्पन्न साठ हजार. २०२१ ला त्यातली चार एकर हक्कसोड करून धाकट्या भावाच्या नावावर केली. आम्ही कारखान्याची दोन गाळप हंगामांची ऊस बिलं दाखल केली होती, निशाणी ४१ ला (निशाणी म्हणजे कोर्टानं दाखल कागदाला दिलेला नंबर). एका हंगामाचंच बिल १७८ टन, २,६०० च्या भावानं. तरी निकालात लिहिलंय, ‘उत्पन्नाचा ठोस पुरावा अर्जदाराने दिला नाही.’ निशाणी ४१ चा उल्लेखच नाही. मी निकाल तीनदा वाचला.

आता घरात दोन मतं आहेत. मी म्हणतो अपील करू. ताई म्हणते, पुरे झालं, पाच वर्षं तारखा केल्या, अजून किती दिवस तुमच्या संसारात बसून कोर्ट करू? माय काही बोलत नाही, नुसती बघत राहते. गावातले दोघं-तिघं तर म्हणायलेत की तीस दिवस उलटले, आता काही होत नाही.

खरंच मुदत गेली का? आणि केलं तर हाती काही लागतं का?

---

बालाघाट_२२ | ९ ऑगस्ट २०२४

तीस दिवसांचं मीही ऐकलंय. वकिलाला विचारा आधी. एक सांगा, नवऱ्याची निम्मी जमीन बायकोला मिळते ना? मग खावटीच्या मागं का लागलात?

---

देवगिरी_वकील | ९ ऑगस्ट २०२४

दादा, मुदत गेलेली नाही. घाबरू नका.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ खाली अपिलाची मुदत नव्वद दिवस आहे. आधी तीस होती, २००३ च्या दुरुस्तीनं नव्वद झाली. जुन्या माणसांच्या डोक्यात तीसच बसलेत, त्यातून हा घोळ होतो. कौटुंबिक न्यायालय कायद्यातही तीस दिवस लिहिलेत, पण हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालाला तिथंही नव्वदच धरायचे, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०१६ ला स्पष्ट केलंय. कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमधल्या हुकमावर मात्र सत्र न्यायालयात अपील तीस दिवसांतच. दोन्ही केसेस सुरू असतील तर ही गफलत महागात पडते.

तुमचा निकाल वरिष्ठ स्तर कोर्टाचा आहे, म्हणून अपील जिल्हा न्यायालयात. निकाल कौटुंबिक न्यायालयाचा असता तर थेट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात, दोन न्यायमूर्तींपुढं गेलं असतं.

बालाघाट, निम्म्या जमिनीचं तुम्ही म्हणता ते आपल्या कायद्यात नाही. घटस्फोट झाला म्हणून नवऱ्याच्या मालमत्तेची वाटणी होत नाही. कलम २७ मध्ये लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंपुरता आदेश करता येतो. दागिने नुसत्या ताईंचे असतील तर ते स्त्रीधन, त्याची मागणी वेगळी मांडावी लागते. या गैरसमजापायी किती बाया पाच-पाच वर्षं जमिनीच्या आशेवर बसतात आणि खावटीच्या अर्जात पुरावाच देत नाहीत. मला फार वाईट वाटतं ते बघून.

पण जमिनीचा उपयोग आहे. कलम २५ मध्येच लिहिलंय की खावटीची रक्कम नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवून सुरक्षित करता येते. तुमच्या अर्जात ही मागणी होती का?

---

मांजराकाठ | ९ ऑगस्ट २०२४

मॅडम, देव तुमचं भलं करो. बोजाची मागणी होती, शेवटच्या परिच्छेदात. त्यावरही निकालात काही नाही. अजून एक विचारायचं होतं. अपील केलं की घटस्फोटही परत उघडतो का? ताईला ते नको आहे.

---

देवगिरी_वकील | १० ऑगस्ट २०२४

नाही. फक्त खावटीच्या आदेशावर अपील करता येतं, घटस्फोट तसाच राहतो. अपील कशावर आहे ते पहिल्याच परिच्छेदात स्वच्छ लिहा. घटस्फोटालाच आव्हान दिलं तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत दोघांनाही पुन्हा लग्न करता येत नाही, कलम १५ तसं सांगतं. ते ओझं विनाकारण अंगावर घेऊ नका.

ठरलेले साडेसहा हजार येतील ते घेत राहा. पावतीवर ‘अपिलाचा हक्क राखून’ असं लिहा. थकवले तर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावा, अपील चालू आहे म्हणून वसुली थांबत नाही.

---

निवृत्त_शिरस्तेदार | १० ऑगस्ट २०२४

एकतीस वर्षं कोर्टात नोकरी केली, म्हणून एवढंच सांगतो. नकलेचा अर्ज दिला का? नसेल तर सोमवारी सकाळी पहिलं काम ते.

निकालपत्र आणि हुकूमनामा, दोन्हींची सही-शिक्क्याची नक्कल मागा. नकलेच्या पाठीमागं शिक्का असतो: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात. तयार झाल्यावर तुम्ही पंधरा दिवस नेलीच नाही तर ते पंधरा दिवस तुमचे गेले. मी माझ्या खिडकीतून बघितलंय, नक्कल तयार होऊन गठ्ठ्यात पडलेली आणि पक्षकार गावाकडं पेरणीत. मग विलंब माफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, त्यावर तारखा. मूळ अपील बाजूलाच राहतं.

नकलेसोबत रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला काय झालं त्या नोंदीची) आणि निशाणी ४१ ची नक्कलही घ्या. कागद दाखल झाला होता आणि त्याला निशाणी पडली होती, हे त्यावरून दिसतं. नुसता फाईलला लावलेला कागद आणि निशाणी पडलेला कागद यांत फार फरक आहे.

---

पैठणची_लेक | १० ऑगस्ट २०२४

मांजराकाठ दादा, तुमच्या ताईंना हे वाचून दाखवा. त्यांच्याशीच बोलते.

ताई, मीही म्हणाले होते पुरे झालं. माझा निकाल कौटुंबिक न्यायालयातला. नवरा कंपनीत कायम कामगार, आणि कोर्टात दाखवला फक्त मूळ पगार. ओव्हरटाइम, बोनस, काही नाही. मी त्या कोर्टात बोलले ते सगळं त्यानं काय-काय केलं त्याबद्दल. पाच वर्षांचा साठलेला त्रास होता, दुसरं काय बोलणार? पण खावटीचा आकडा ज्यावरून ठरतो ते मी सांगितलंच नाही: घरभाडं किती, लेकराची फी किती, औषधाला किती, त्याच्या खात्यात दर महिन्याला येतात किती.

अपिलाच्या वेळी जालना रोडवर खंडपीठात गेले तेव्हा नव्या वकीलबाईंनी मला एका वहीत तीन महिन्यांचा खर्च लिहायला लावला. गॅस, रिक्षा, वह्या, दवाखाना. ती वही बघून मलाच रडू आलं, कारण मी स्वतःसाठी काहीच लिहिलं नव्हतं. चप्पलसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, तुमचा खर्च शून्य कसा, तुम्ही माणूस नाही का?

वेळ लागला, एक वर्ष आठ महिने. रक्कम दुप्पट झाली. मी शिवणकाम करते म्हणून समोरून म्हणत होते की ही कमावती आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००७ लाच चतुर्भुज विरुद्ध सीताबाईमध्ये सांगितलंय की पोट भरण्यापुरतं मिळवते म्हणून खावटी नाकारता येत नाही, अगदी निराधार व्हायची वाट बघायची नसते. ताई, तुम्ही भावाच्या संसारात बसला नाहीत. तुमच्या लेकरांचं जे आहे तेच मागताय.

---

सातबारा_बांधावरून | ११ ऑगस्ट २०२४

जमिनीच्या कागदांचं मी सांगतो.

१) ‘कोरडवाहू’ म्हणतात ना, मग गाव नमुना बाराचा उतारा काढा. पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन, सगळं त्यात असतं. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो, पण कोर्टासाठी मागच्या सगळ्या वर्षांचे उतारे तलाठ्याकडून घ्या.
२) ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून शेतात उभा राहून पिकाचा फोटो टाकतो. दाजींनी त्यात ऊस नोंदवला असेल तर कोरडवाहूचा प्रश्नच मिटला, ते त्यांचंच म्हणणं झालं.
३) हक्कसोडीच्या फेरफाराची नक्कल काढा. तारीख महत्त्वाची. खावटीचा अर्ज फेब्रुवारी २०२० चा आणि हक्कसोड २०२१ ची, हे दोन कागद शेजारी ठेवले की सांगायला काही उरत नाही.
४) आठ-अ काढा, त्या गावात अजून कुठल्या गटात नाव आहे ते कळेल.

---

देवगिरी_वकील | ११ ऑगस्ट २०२४

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त एक इशारा. अपिलात नवीन कागद आपोआप घेत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम २७ खाली वेगळा अर्ज लागतो. खालच्या कोर्टानं पुरावा घ्यायला चुकीचा नकार दिला, किंवा पुरेशी काळजी घेऊनही तेव्हा तो हाती नव्हता, किंवा अपील कोर्टालाच निकालासाठी तो गरजेचा वाटला, तरच घेतात. म्हणून तुमचा पहिला आधार निशाणी ४१ राहील, कारण ती आधीच फाईलमध्ये आहे. दाखल पुरावा न वाचता ‘पुरावा नाही’ म्हणणं, अपिलाला याहून सरळ मुद्दा मला माहीत नाही.

दुसरा मुद्दा शपथपत्राचा. रजनेश विरुद्ध नेहा, सर्वोच्च न्यायालय, ४ नोव्हेंबर २०२०. खावटीच्या प्रत्येक प्रकरणात, तेव्हा चालू असलेल्या प्रकरणांतसुद्धा, दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यायचं. त्यात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, हे आपल्याकडं फार थोड्यांना माहीत आहे. एकूण जमीन किती, जिरायत की बागायत, पिकं कोणती, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, बटईनं जमीन केली आहे का, गायी-म्हशी-शेळ्या किती, जमिनीवर कर्ज किती, असं सगळं विचारलंय. दाजींचं एक पान त्या नमुन्यात बसतं का बघा. तुमच्या ताईंचं शपथपत्रही त्याच नमुन्यात पूर्ण असलं पाहिजे, नाहीतर समोरचे तेच बोट आपल्याकडं दाखवतील.

तिसरा मुद्दा तारखेचा. त्याच निकालात म्हटलंय की खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. तुम्हाला निकालाच्या तारखेपासून दिली आहे, म्हणजे चार वर्षं चार महिने गेले. माझ्या मते रक्कम वाढण्याइतकाच हा मुद्दा मोठा आहे.

फीची काळजी करू नका. घटस्फोट, खावटी अशा प्रकरणांत महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ पासून महिलांना कोर्ट फी माफ आहे. आणि बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या किंवा १५१०० ला फोन लावा.

---

दख्खनी_परभणी | ११ ऑगस्ट २०२४

आमच्यासारख्या मुस्लिम बायांनीही वाचावं म्हणून लिहिते. आमच्या तलाकला हिंदू विवाह कायदा लागू नाही, पण खावटीचं दार बंद नाही. गेल्याच महिन्यात, १० जुलैला, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली खावटी मागता येते. नव्या संहितेत, म्हणजे १ जुलैपासून, ते कलम १४४ आहे. मोहल्ल्यात अजून सांगतात की इद्दतचे तीन महिने झाले की संपलं. तसं नाही, बहिणींनो.

---

लातूरकर_७२ | १२ ऑगस्ट २०२४

दुसऱ्या बाजूचा माणूस बोलतोय. रागावू नका.

माझ्यावर २०१४ ला सहा हजारांचा हुकूम झाला. तेव्हा ते देता येत होते. मग दोन वर्षं पाऊस नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांनी बघितलं. बोअर गेला, जनावरं छावणीला. मी पैसे बंद केले. चौदा महिने. कोणी म्हणालं अपील कर, केलं, मुदत कधीच गेलेली, विलंब माफ झाला नाही. मग वॉरंट आलं.

मला तेव्हा कोणी सांगितलं नाही की अपील हा माझा रस्ताच नव्हता. निकालाच्या दिवशी जे होतं ते कोर्टानं चुकीचं वाचलं असेल तर अपील. निकालानंतर परिस्थिती बदलली तर कलम २५ च्या पोटकलम २ खाली त्याच कोर्टात अर्ज, रक्कम कमी करा किंवा वाढवा म्हणून. तो अर्ज मी दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी दिला असता तर माझ्या मुलीनं मला कोर्टाच्या आवारात पोलिसाबरोबर बघितलं नसतं. ते तिच्या डोळ्यांपुढून जात नाही, माझ्याही नाही.

मांजराकाठ, तुमच्या दाजींचा ऊस उभा आहे. करा अपील. पण लेकरांना तारखेला नेऊ नका, एवढं या माणसाचं ऐका.

---

मांजराकाठ | १२ ऑगस्ट २०२४

लातूरकर दादा, तुमचं वाचून बराच वेळ फोन हातात धरून बसलो. नेणार नाही लेकरांना.

काल रात्री सगळा धागा ताईला वाचून दाखवला. पैठणच्या ताईंच्या चपलेच्या ओळीला ती उठून आत गेली. आज सकाळी स्वतःच म्हणाली, वही आण. नकलेचा अर्ज दिलाय.

---

मांजराकाठ | २२ सप्टेंबर २०२४

अपील दाखल झालं. नव्वद दिवसांच्या आतच, विलंब माफीची गरज पडली नाही. वकील विधी सेवेकडून मिळालेत, तरुण आहेत, फाईल घरी नेऊन वाचतात. ई-पीक पाहणीचे २०२१ पासूनचे तिन्ही वर्षांचे उतारे निघाले. तिन्हीत ऊस.

---

मांजराकाठ | १८ जानेवारी २०२५

दाजींनी उलट हरकत दाखल केली की साडेसहा हजारही जास्त आहेत, कमी करा. सोबत स्थगितीचा अर्ज. मॅडम, हे करता येतं?

---

देवगिरी_वकील | १८ जानेवारी २०२५

येतं. अपिलाची नोटीस मिळाल्यापासून एक महिन्यात उलट हरकत घेता येते, आणि ती घेतली की रक्कम कमी होण्याचीही शक्यता उघडते. हे मी तुम्हाला ऑगस्टमध्येच सांगायला हवं होतं, चुकलं माझं. स्थगितीसाठी मात्र थकबाकी आधी कोर्टात भरा, अशी मागणी तुमच्या वकिलांना करायला सांगा. पैशाच्या हुकमाला फुकट स्थगिती सहसा मिळत नाही.

---

मांजराकाठ | ३० जानेवारी २०२५

तसंच झालं. आतापर्यंतची थकबाकी भरली तरच स्थगिती, म्हणाले. त्यांनी भरली नाही, स्थगितीचा अर्ज फेटाळला.

---

पैठणची_लेक | २ जून २०२५

परवा, २९ मे ला, सर्वोच्च न्यायालयानं राखी साधुखाँ यांच्या प्रकरणात कायम खावटी महिना पन्नास हजार केली आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ लावली. पन्नास हजार आपल्याला कुठले, पण वाढीचा मुद्दा तुमच्या वकिलांना नक्की दाखवा. दहा वर्षांनी आजच्या रकमेत पीठ-मीठही येणार नाही.

---

मांजराकाठ | २८ ऑगस्ट २०२५

मोठा पेच आहे. त्यांच्याकडून निरोप आलाय की लोकअदालतीत मिटवू. एकरकमी सहा लाख, ताई आणि लेकरं धरून सगळं कायमचं. सोन्याचं नाव काढायचं नाही. पावणे-मंडळी दोन्हीकडून म्हणायलेत, घेऊन मोकळे व्हा. मायसुद्धा परवा पहिल्यांदा बोलली, मिटू दे बाबा.

---

निवृत्त_शिरस्तेदार | २८ ऑगस्ट २०२५

लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तडजोडीच्या हुकमावरही नाही. सही करायच्या आधी आठ दिवस कागद घरी ठेवा. आणि साधा हिशेब करा: सध्याच्या साडेसहा हजारांनीच वर्षाचे अठ्ठ्याहत्तर हजार होतात, आठ वर्षांत सहा लाख संपले. आठ वर्षांनी ताईंचं वय काय असेल?

---

देवगिरी_वकील | २८ ऑगस्ट २०२५

तडजोड वाईट नसते, मी स्वतः कितीतरी घडवून आणल्यात. पण लेकरांचा खावटीचा हक्क आईला सोडून देता येत नाही, तो त्यांचा आहे. ‘लेकरं धरून कायमचं’ हे शब्द असलेल्या कागदावर ताईंनी सही करू नये. रक्कम एकरकमीच घ्यायची तर डिमांड ड्राफ्टनं, सहीच्या वेळी, हातात. पुढच्या तारखेचे चेक नकोत.

---

मांजराकाठ | ४ सप्टेंबर २०२५

ताईनं नाही म्हटलं. मी काही बोललो नाही, मायही नाही. तिनं स्वतः वकिलांना फोन लावला आणि सांगितलं, युक्तिवाद करा.

---

मांजराकाठ | २१ नोव्हेंबर २०२५

निकाल लागला. सगळं नाही मिळालं, जे मिळालं ते सांगतो.

निशाणी ४१ वरच सगळा भर राहिला. पाच एकर उसाचा खर्च वजा करून, जमिनीवरचं पीककर्ज धरून उत्पन्न काढलंय. शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात नाही आणि त्यातला कोरडवाहूचा दावा त्यांच्याच पीक नोंदींनी खोटा पडतो, असं स्पष्ट लिहिलंय. उतारे नियम २७ खाली घेतले. ताईला महिना आठ हजार, लेकरांना प्रत्येकी चार. फेब्रुवारी २०२० पासून. आजवर दिलेली रक्कम वजा करून बाकी सहा हप्त्यांत. उलट हरकत फेटाळली.

दर दोन वर्षांची वाढ नाही दिली, गरज पडेल तेव्हा पोटकलम २ खाली अर्ज करा म्हणाले. सोन्याचंही नाही, त्यासाठी वेगळी कारवाई करायला सांगितलंय. ताई म्हणते, ते नंतर बघू, आधी पोरीची दहावी.

बोजा मात्र मिळाला, दाजींच्या नावच्या सात एकरांवर.

---

सातबारा_बांधावरून | २१ नोव्हेंबर २०२५

अभिनंदन. हुकूमनाम्याची नक्कल घेऊन लगेच तलाठ्याकडं जा, इतर हक्कात नोंद घ्यायला लावा. नोंद पडेपर्यंत जमीन विकली तर पुन्हा धावाधाव.

---

मांजराकाठ | १९ डिसेंबर २०२५

काल फेरफार मंजूर झाला. आज नवा सातबारा काढला. पहिला हप्ताही मंगळवारी जमा झालाय.

ताईनं उतारा हातात घेतला, चष्मा लावला आणि ‘इतर हक्क’च्या रकान्यात स्वतःचं नाव वाचलं. मग पोरीला हाक मारली आणि तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. माय चुलीपाशी होती, ती म्हणाली, अजून एकदा वाच गं.